सव्विसावी जागा

अ‍ॅरिझोनात ग्लेनडेलला कॅमलबॅक रँच नावाचं बेसबॉलचं संकुल आहे. २००९पासून तिथं दोन संघ हंगामापूर्वीचा सराव करतात, आणि जोडी अशी की कुणी मुद्दाम जमवली म्हणावं. एका बाजूला लॉस एंजेलिस डॉजर्स. २०२४चं विजेतेपद त्यांचं, २०२५चंही त्यांचंच. तरी पोट भरेना म्हणून यंदाच्या जानेवारीत काइल टकरला चार वर्षांसाठी २४ कोटी डॉलर मोजले. दुसऱ्या बाजूला शिकागो व्हाइट सॉक्स. २०२४मध्ये यांनी १६२ सामन्यांपैकी १२१ गमावले. १९००नंतरच्या बेसबॉलमध्ये एका हंगामात इतकं कुणीच हरलेलं नाही. त्यात सलग २१ सामने हरण्याचा पराक्रमही येतो. गेल्या वर्षी सुधारणा झाली म्हणायची, कारण १०२च हरले.

डॉजर्सवर लिहिणाऱ्यांची कमी नाही. आज पलीकडे डोकावू. नवा हंगाम मार्चअखेर सुरू होतोय आणि मला विचाराल तर खेळाडूंची यादी करणं जास्त अवघड आहे ते व्हाइट सॉक्सला. विजेत्या संघाच्या यादीतली वीसेक नावं कुणीही झोपेत सांगेल. पडझड झालेला संघ उभा करताना मात्र शेवटच्या पाच-सहा जागा कुणाला द्यायच्या, यावर पुढची पाच वर्षं ठरतात.

आधी थोडा हिशेब. मेजर लीगच्या प्रत्येक संघाला मैदानासाठी २६ खेळाडू ठेवता येतात. त्यामागं ४० जणांची मोठी यादी असते, आणि तिच्याही मागं मायनर लीगची चार पातळ्यांची उतरंड. चाळिसातल्या खेळाडूला तीन हंगामांपर्यंत खालच्या संघात पाठवता येतं; याला तिकडं ‘ऑप्शन’ म्हणतात. तीन ऑप्शन संपले की खाली धाडण्यापूर्वी त्याला इतर सगळ्या संघांपुढं ठेवावं लागतं, आणि कुणीही उचलून नेऊ शकतं. म्हणजे चांगल्या संघाकडं गुणी पोरं जास्त आणि जागा कमी. वाईट संघाकडं पोरं बेताची, जागा मात्र मुबलक. व्हाइट सॉक्सकडं दुसऱ्याला हेवा वाटावा अशी मालमत्ता ही एवढीच आहे. तळाच्या संघाला इथं खालच्या श्रेणीत ढकललं जात नाही, त्यामुळं हरण्याची भीतीही नाही. कच्च्या पोराला मोठ्या मैदानावर सहा महिने चुका करू देणं डॉजर्सना परवडत नाही, यांना परवडतं.

शेन स्मिथचंच बघा. हा पिचर. कॉलेजातून निघाला तेव्हा ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, तीसपैकी एकाही संघानं त्याचं नाव घेतलं नाही. २०२१मध्ये मिलवॉकी ब्रूअर्सनं त्याला असाच करारावर घेतला. तो मायनर लीगमध्ये बरं टाकत होता, पण ब्रूअर्सची चाळिसाची यादी भरलेली. बेसबॉलमध्ये ‘रूल फाइव्ह’ नावाची एक तरतूद आहे. चार-पाच वर्षं खाली ठेवलेल्या खेळाडूला चाळिसात घेतलं नाही, तर डिसेंबरात दुसरा संघ १ लाख डॉलर भरून त्याला नेऊ शकतो. अट एकच: पुढचा अख्खा हंगाम त्याला २६ जणांत ठेवायचं. खाली पाठवायची वेळ आली तर निम्म्या पैशांत तो मूळ संघाला परत देऊ करायचा. अट साधी दिसते, पण जिंकू पाहणाऱ्या संघाला ती गळफास वाटते. सबंध हंगाम एक जागा अडवून ठेवायची, तीही ज्यानं मेजर लीगमध्ये एक चेंडू टाकलेला नाही अशासाठी!

१२१ पराभवांची निदान एवढी तरी कमाई होती की २०२४च्या डिसेंबरात रूल फाइव्हची पहिली निवड व्हाइट सॉक्सची. त्यांनी स्मिथला उचललं. ग्लेनडेलच्या सरावात त्यानं नव्या चेंजअपवर मेहनत घेतली. चेंजअप म्हणजे हात वेगवान चेंडूसारखाच येतो, चेंडू मात्र मागं रेंगाळतो आणि फलंदाज आधीच फिरवून मोकळा होतो. मार्चअखेर यादी लागली तेव्हा स्मिथ तिच्यात होता, आणि राखीव म्हणून नाही, तर सामना सुरू करणारा पिचर म्हणून. जुलैत तो ऑलस्टार सामन्यासाठी निवडला गेला. हंगामभरात २९ सामने त्यानं सुरू केले. मिलवॉकीत असता तर हाच पोरगा कदाचित नॅशव्हिलला ट्रिपल-एच्या, म्हणजे मायनर लीगच्या सर्वांत वरच्या पातळीच्या, बसमध्ये बसलेला असता. ब्रूअर्सचं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्यांच्याकडं जागा नव्हती, इतकंच.

वर्तमानपत्रांत मथळे येतात ते मात्र तारे विकल्याचे. २०२४च्या त्याच डिसेंबरात व्हाइट सॉक्सनं गॅरेट क्रोशे हा हुकमी डावखुरा पिचर बॉस्टनला दिला. बॉस्टननं त्याच्याशी सहा वर्षांचा १७ कोटी डॉलरचा करार केला आणि त्यानं पहिल्याच हंगामात २५५ फलंदाज स्ट्राइकआउट केले. शिकागोला बदल्यात चार तरुण मिळाले. त्यातला कॅचर काइल टील आणि इनफील्डर चेस माइड्रॉथ गेल्या वर्षीच संघात रुळले. हा व्यवहार दोघांनाही लाभला, त्यावर जास्त वाद घालण्यात अर्थ नाही.

वाद घालावा तो कोल्सन मॉन्टगोमेरीवर. २०२१च्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच फेरीत घेतलेला हा उंचापुरा शॉर्टस्टॉप २०२५च्या सुरुवातीला मेजर लीगमध्ये येणार अशी सगळ्यांची अटकळ होती. संघानं त्याला खाली ट्रिपल-एत ठेवलं. तिथं तो इतका ढेपाळला की सरासरी दीडशेच्या, म्हणजे .१५०च्या आसपास घुटमळू लागली. मग एप्रिलअखेर संघानं त्याला सामन्यांतूनच काढलं आणि अ‍ॅरिझोनाला पाठवलं. तिथं फलंदाजीचे संचालक रायन फुलर यांच्याबरोबर दोनेक आठवडे निव्वळ स्विंगची दुरुस्ती. प्रेक्षक नाहीत, धावफलक नाही. लोकांनी तेव्हाच त्याला मोडीत काढलं होतं. ४ जुलैला तो मेजर लीगमध्ये आला आणि उरलेल्या ७१ सामन्यांत त्यानं २१ होमरन ठोकले.

आता तुम्ही म्हणाल, रिकाम्या जागेचं एवढं कौतुक करतोस, मग मॉन्टगोमेरीला ती जागा मार्चमध्येच का नाही दिली? दिली नाही, हेच बरोबर होतं. स्मिथला शिकायला मोठं मैदान हवं होतं, मॉन्टगोमेरीला मैदानापासून लांब जायला हवं होतं. जागा रिकामी आहे म्हणून ती भरलीच पाहिजे, असं वाटू लागलं की यादी करणाऱ्याचा घात होतो. त्यातही अमेरिकेत एक मेख आहे. सहा वर्षांची सेवा भरली की खेळाडू मोकळा होतो, म्हणून चांगल्या पोराला मुद्दाम उशिरा वर आणून एक वर्ष वाचवायची खोड बऱ्याच संघांना आहे. इथं तसं झालं असं म्हणता येत नाही. .१५०च्या सरासरीला कंजूषपणाचं कारण लागत नाही.

संयमाचं हे पुराण अँड्रू वॉनपाशी येऊन अडतं. २०१९च्या ड्राफ्टमधली तिसरी निवड. याला जागा दिली, वर्षानुवर्षं दिली. मायनर लीगमध्ये पुरतं मुरू न देताच २०२१ला वर आणलं, वर मूळचा फर्स्ट बेसमन असताना आउटफील्डमध्ये उभा केला. गेल्या वर्षी ४८ सामन्यांत सरासरी .१८९ झाली तेव्हा खाली पाठवला आणि जूनमध्ये ब्रूअर्सना देऊन टाकला. ब्रूअर्सकडं त्यानं ६४ सामन्यांत .३०८ची सरासरी आणि नऊ होमरन काढले. तोच खेळाडू, तोच हंगाम. नुसती जागा देऊन खेळाडू घडत नसतो, त्याच्याजवळ उभं राहून त्याचं काय बिनसलंय हे सांगणारा माणूसही लागतो. मॉन्टगोमेरीला तो मिळाला. वॉनला मिळाला असेल तर त्याचा परिणाम तरी दिसला नाही.

आणि लुइस रॉबर्ट ज्युनियर. २०२३ला ३८ होमरन मारणारा सेंटरफील्डर. संघ त्या वर्षी १०१ सामने हरला होता, घसरगुंडी कुठं चाललीय ते आंधळ्यालाही दिसत होतं. भाव होता तेव्हाच त्याला विकायला हवं होतं. ठेवला. मग दुखापती आल्या. पुढची दोन्ही वर्षं प्रत्येकी १४ होमरन. अखेर यंदाच्या जानेवारीत, त्याचा २ कोटींचा पगार न्यूयॉर्क मेट्सच्या गळ्यात घालून, बदल्यात लुइसआंजेल अकुन्या आणि एक नवखा पिचर एवढ्यावर सौदा मिटला. सरव्यवस्थापक ख्रिस गेट्झ यांच्या कारभारातला हा सगळ्यात महागडा विलंब, असं माझं मत आहे.

अकुन्या मात्र मला आवडलेली खरेदी आहे. रोनाल्ड अकुन्याचा धाकटा भाऊ, पायात विजेसारखा वेग, बॅटमध्ये अजून जोर नाही. २०२३ला मॅक्स शेर्झरच्या बदल्यात मेट्सकडं आलेला हाच तो पोरगा. त्याचे तिन्ही ऑप्शन संपलेत. मेट्सना जिंकायचंय, त्याला खाली पाठवता येत नाही आणि बाकावर बसवून ठेवणंही महाग. शिकागोत त्याला रोज खेळवता येईल. दुसऱ्याची अडगळ ती आपली गरज, हा धंदा तळाच्या संघानं निर्लज्जपणे करावा. गेल्या वर्षी मे महिन्यात एड्रियन हाउझर हा पिचर असाच मोकळा सापडला. व्हाइट सॉक्ससाठी ११ सामने त्यानं झकास टाकले आणि ३१ जुलैला टँपा बेला देऊन बदल्यात तीन खेळाडू आणले.

यंदा माझी शंका वेगळीच आहे. या हिवाळ्यात खिसा किंचित सैल झालाय. जपानचा मुनेताका मुराकामी दोन वर्षांसाठी ३ कोटी ४० लाखांत आला. २०२२ला याकुल्टकडून ५६ होमरन मारणारा हा माणूस फटका लागला तर चेंडू परत मागवू नये असा. पण बॅट हवेतूनही पुष्कळदा जाते, म्हणूनच बड्या संघांनी लांबचे करार देऊ केले नाहीत. हा जुगार तळाच्या संघानंच खेळावा. फसला तर दोन वर्षांचा प्रश्न आहे, आणि दोन वर्षं मिळून जाणारा पैसा टकरच्या एका वर्षाच्या सरासरीएवढाही नाही. रिलीव्हर सेरँथनी डोमिंगेझवर दोन वर्षांसाठी २ कोटी खर्चले, ते मात्र मला पटलेलं नाही. गेल्या वर्षी एका धावेच्या फरकानं लागलेल्या सामन्यांत संघाची कामगिरी १५ विजय, ३६ पराभव अशी होती, म्हणून शेवटच्या डावांसाठी भरवशाचा माणूस हवा, हे कारण कागदावर ठीक. पण ६० विजय मिळवणाऱ्या संघानं ६५ विजयांसाठी पैसे का मोजावेत? जुलैत त्यालाही विकायचा बेत असेल तर गोष्ट निराळी.

या सगळ्याची झळ प्रेक्षकाला लागते, हे विसरून चालणार नाही. शिकागोच्या साउथ साइडवर ३५व्या रस्त्याला उतरून रेट फील्डवर जाणाऱ्या माणसाला पुनर्बांधणी सुरू आहे म्हणून तिकीट फुकट मिळत नाही. लागोपाठ तीन हंगाम शंभराहून अधिक पराभव त्यानं पाहिलेत. मालक जेरी राइन्सडॉर्फ १९८१पासून तेच. खेळाडूशी दहा कोटी डॉलरचा करार या संघानं आजवर एकदाही केलेला नाही, तेही देशातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या शहरात! २०२४च्या सप्टेंबरात स्टँडमधून ‘संघ विकून टाका’च्या घोषणा झाल्या त्या उगाच नाहीत. लीगनंही जखमेवर मीठ चोळलं. मोठ्या बाजारपेठेच्या संघाला ड्राफ्टच्या सोडतीत लागोपाठ दोन वर्षं वरची निवड मिळत नाही, त्यामुळं १२१ पराभवांनंतरही त्यांच्या वाट्याला दहावा क्रमांक आला. पहिली निवड मिळतेय ती आता, २०२६च्या ड्राफ्टमध्ये.

म्हणून मार्चची यादी महत्त्वाची. प्रशिक्षक विल व्हेनेबल यांच्यापुढं टील आणि एडगर केरो असे दोन तरुण कॅचर आहेत आणि दोघांनाही रोज बॅट मिळायला हवी. एकानं मास्क घालायचा, दुसऱ्यानं डेझिग्नेटेड हिटर म्हणून खेळायचं, ही सोय सरळ आहे. फक्त ती एखाद्या उताराला लागलेल्या अनुभवी फलंदाजासाठी मोडू नये. पिचर्समध्ये मी शोधणार ते जेडिक्सन पाएझचं नाव. व्हेनेझुएलाचा, गेल्या डिसेंबरात रूल फाइव्हमधूनच बॉस्टनकडून उचललेला. वेग फार नाही, चेंडू मात्र हवा तिथं पडतो. मायनरच्या वरच्या पातळीचं पाणी अजून फारसं प्यायलेला नाही, त्यामुळं स्मिथपेक्षा बराच कच्चा. मेमध्ये मार खाईल, जूनमध्येही खाईल, आणि तेव्हा गेट्झना फोन करून ‘जागा अडली’ म्हणणारे घरातलेच असतील. मला वाटतं, त्याला सप्टेंबरपर्यंत ठेवावा. नाहीतर बॉस्टनला तो ५० हजार डॉलरमध्ये परत मिळेल, आणि तेवढ्या पैशांत व्हाइट सॉक्सला हाती धरण्यासारखं दुसरं काही मिळणार नाही.