कराचा भार कुणावर?

अमेरिकेत रेगन यांच्या काळात प्राप्तिकराचा सर्वोच्च दर 70 टक्क्यांवरून 28 वर आला. विषमता पुढे वाढतच गेली. आपणही त्याच वाटेवर आहोत. वारशावरची इस्टेट ड्यूटी 1985 मध्ये गेली, संपत्ती कर 2015 च्या अर्थसंकल्पाने गेला. 2019 मध्ये सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा कर 30 वरून 22 टक्के झाला. संपत्ती कराची वसुली तुटपुंजी होती आणि त्याऐवजी अतिश्रीमंतांवर अधिभार वाढला, हे मान्य. पण जीएसटी कुणाची मिळकत विचारत नाही. गोपाळ मंदिराजवळच्या दुकानात साबणाच्या वडीवर हमाल आणि कारखानदार सारखाच कर भरतात. झळ मात्र हमालाला जास्त लागते. कर किती जमला एवढेच न पाहता तो कुणाच्या खिशातून आला, हेही आपण विचारायला हवे.