काळजी हा स्वभाव नाही, काम आहे

नवऱ्याची शुगर वाढली की डॉक्टर बायकोकडे बघून पथ्य सांगतात. भात कमी द्या, बिर्याणी क्वचितच, गोड बंद. नवरा शेजारीच बसलेला असतो, पण त्याच्या ताटाची जबाबदारी तिची, हे सगळ्यांनीच गृहीत धरलेलं असतं. बाई स्वभावानंच काळजी घेणारी, असं त्याचं समर्थनही तयार असतं.

मग ज्या घरात दोघेही पुरुष आहेत किंवा दोघीही बायका, तिथं काय होतं? रेझेक आणि डेब्रा अंबरसन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी दीर्घकाळ संसार करणाऱ्या समलिंगी आणि स्त्री-पुरुष जोडप्यांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध केला. तेव्हा तिथं काही राज्यांतच समलिंगी विवाहाला मान्यता होती. देशभर ती २०१५ मध्ये मिळाली. स्त्री-पुरुष जोडप्यांत बहुतेक ठिकाणी एकानंच दुसऱ्याच्या तब्येतीच्या सवयींवर लक्ष ठेवायचं, अशी विभागणी दिसली आणि ते काम जास्त करून बाईकडे होतं. समलिंगी जोडप्यांत मात्र, पुरुषांच्या असोत की स्त्रियांच्या, बहुतेकांनी सांगितलं की आम्ही हे एकमेकांसाठी करतो.

सगळंच गोड आहे असं नाही. रेझेक यांच्या त्याच वर्षीच्या दुसऱ्या लेखानुसार, अशी जोडपी वाईट सवयींतही एकमेकांना साथ देतात. दोघांनाही एकाच वेळी मोह झाला, तर थांबवणार कोण?

पण मुद्दा स्पष्ट आहे. दोन पुरुष एकमेकांचं खाणंपिणं सांभाळू शकतात, तर काळजी हा बाईचा स्वभाव उरत नाही. ते काम आहे आणि काम वाटून घेता येतं.

‘समलिंगी विवाह आपल्या शरीअतला मंजूर नाही, त्यांच्याकडून काय शिकायचं?’ असं काही वाचक म्हणतील. आपल्या देशाच्या कायद्यातही त्याला मान्यता नाही; ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती द्यायला नकार दिला आणि हा विषय संसदेचा असल्याचं सांगितलं. तो वाद वेगळा. इथं प्रश्न आपल्या दस्तरखानाचा आहे.

प्रेषित (स.) घरकामात हातभार लावत, जेवणाला कधी नावं ठेवत नसत, हे आपण मुलांना शिकवतो. आणि आपल्या घरात? सहरीसाठी सगळ्यांत आधी ती उठते. रोजा तिचाही असतो, तरी इफ्तारची भजी तीच तळते. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं सालन तिच्या वाट्याला येतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या पुरुषांत २५ टक्के. हे फक्त मुसलमानांचं दुखणं नाही, पण आपण त्यातून सुटलेलोही नाही.

नवऱ्याच्या शुगरचा आकडा बायकोला तोंडपाठ असतो. तिचं हिमोग्लोबिन किती, हे किती नवऱ्यांना सांगता येईल?