वेगाचा खेळ आणि थांबण्याची किंमत

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला आणि २२ ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. अशा खेळांपायी कर्जबाजारी झालेल्या कुटुंबांच्या कहाण्या कानी येत असता या पावलाचे स्वागत व्हावे, हे स्वाभाविकच होते. तथापि कोणत्याही कायद्याचा विचार करताना त्याने काय अडविले, एवढेच पाहून भागत नाही. त्याच्या कक्षेबाहेर काय राहिले, हेही पाहावे लागते. या कक्षेबाहेर राहिलेल्या खेळांत मोबाइलवरील मोटारींच्या शर्यतींचे खेळ येतात. त्यांत पैज नाही, बंदूक नाही, रक्तपात नाही. पोरे बोटांनी मोटारी पळवितात, मग काळजी कशाची, असे पालक म्हणतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार अर्थशास्त्राच्या अंगाने करावयाचा आहे.

खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा न्यायालयांत वर्षानुवर्षे चाललेला वाद नव्या कायद्याने बाजूस सारला. खेळणारा शुल्क किंवा पैसे भरतो आणि त्याच्या मोबदल्यात पैशाची वा अन्य लाभाची अपेक्षा धरतो, तो खेळ निषिद्ध, अशी ही सरळ कसोटी आहे. असा खेळ पुरविणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद वा १ कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि त्याची जाहिरात करणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कैद वा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. खेळणाऱ्यास मात्र शिक्षा नाही. ज्या खेळात पैसे परत मिळण्याची आशाच नसते, तो करमणुकीचा खेळ ठरतो. तत्त्वतः यात वावगे काही नाही. सिनेमाच्या तिकिटाचे पैसे तरी कोठे परत मिळतात? परंतु सिनेमाचे तिकीट काढणाऱ्याला त्याची किंमत आधी कळते, एकदाच द्यावी लागते, आणि पडद्यावरचा नायक मध्येच थांबून आणखी पाच रुपये मागत नाही. मुद्दा आहे तो येथेच.

गल्लीतील शर्यत

आमचे मालेगाव हे यंत्रमागांचे गाव. येथे वेग हा पोटाशी बांधलेला आहे. कारागीर एकाच वेळी अनेक माग सांभाळतो, तुटलेला धागा सांधतो, रिकामी कांडी बदलतो, आणि कापड किती निघाले त्यावर त्याची मजुरी ठरते. धोटा थांबला की मजुरी थांबली. अशा आठवड्यानंतर येणारा शुक्रवार हा सुटीचा दिवस, आणि म्हणूनच या गावात शुक्रवारच्या करमणुकीची एक स्वतंत्र बाजारपेठ फार पूर्वीपासून उभी राहिली. चित्रपटगृहांपुढील गर्दी आणि गल्लोगल्लीची व्हिडिओ पार्लरे ही तिची दृश्य रूपे होत.

याच बाजारपेठेच्या एका कोपऱ्यात व्हिडिओ गेम आला. लहानमोठ्या गावांतून १९९० नंतरच्या दशकात दूरचित्रवाणी संचाला जोडावयाची यंत्रे भाड्याने खेळावयास मिळू लागली. जपानच्या कोनामी कंपनीचा १९८४ मधील 'रोड फायटर' हा मोटारशर्यतीचा खेळ त्यावर भलताच लोकप्रिय होता. इंधन मर्यादित आणि धडक बसली की त्यातले आणखी कमी होणार, असा त्याचा नियम. मर्यादित साधनांचा काटकसरीने उपयोग करावा, हे अर्थशास्त्राचे पहिले सूत्र या खेळाने पोरांना न शिकविताच शिकविले. पुढे बाजारात आणि जत्रांत 'ब्रिक गेम' या नावाचे, पेन्सिल सेलवर चालणारे चिनी बनावटीचे खेळणे आले. त्यात चौकोनी ठिपक्यांची एक मोटार असे. वस्तुतः ती पुढे जातच नसे. ती तळाशी उभी राही, आणि समोरून येणाऱ्या मोटारी अधिकाधिक वेगाने खाली सरकत. तेवढ्यानेच वेगाचा भास होई. स्पर्धा होती ती कालच्या स्वतःच्या गुणसंख्येशी.

एकदा दिलेली किंमत

हातात धरून खेळावयाच्या यंत्रांचा इतिहास हा स्वस्त तंत्रज्ञानाच्या चतुर उपयोगाचा इतिहास आहे. जपानच्या निन्टेन्डो कंपनीतील अभियंते गुनपेइ योकोइ यांनी १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' बाजारात आणले, ते गणकयंत्रांमुळे स्वस्त झालेल्या पडद्यांचा लाभ घेऊन. १९८९ मधील 'गेम बॉय'चा पडदाही रंगीत नव्हता. परंतु त्यामुळे सेल कमी खर्ची पडत आणि यंत्र पुष्कळ तास चाले. 'गेम बॉय' आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८० लाखांहून अधिक यंत्रे जगभर विकली गेली. पुढे २००१ मध्ये 'एफ-झीरो', २००५ मध्ये 'मारिओ कार्ट डीएस' आणि सोनीच्या यंत्रावरील 'वाइपआउट प्युअर' अशा अतिवेगवान शर्यती तळहातावर आल्या.

या सर्व खेळांत एक आर्थिक समानता होती. यंत्राची किंमत एकदा द्यावयाची, खेळाची किंमत एकदा द्यावयाची. त्यानंतरच्या हजाराव्या शर्यतीला सेलापलीकडे खर्च नाही. खेळणारा जितका अधिक खेळे, तितका प्रत्येक शर्यतीमागचा खर्च उतरत जाई. विक्रेत्याचा नफा विक्रीच्या क्षणी पुरा होत असल्याने गिऱ्हाइकाने नंतर किती वेळ खेळावे, याच्याशी त्याला फारसे कर्तव्य नसे. खेळ चांगला असेल तर पुढचाही विकला जाईल, एवढाच काय तो हितसंबंध.

विकली जाते ती सुटका

भारतात २०१६ नंतर इंटरनेट विलक्षण स्वस्त झाले आणि मोबाइल हेच सामान्य माणसाचे खेळयंत्र बनले. ब्रिक गेमची जागा रंगीत, सुसाट आणि फुकट मिळणाऱ्या शर्यतींनी घेतली. हा 'फुकट' शब्द नीट तपासला पाहिजे. गेमलॉफ्ट या फ्रेंच कंपनीची 'अस्फाल्ट' ही शर्यतमालिका २००४ मध्ये सुरू झाली. तिचा आठवा भाग २०१३ मध्ये प्रथम अल्प किमतीस विकला गेला आणि पुढे विनामूल्य करण्यात आला. त्याच वर्षी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीचा 'रिअल रेसिंग ३' हा खेळ आरंभापासूनच फुकट आला. त्यात शर्यतीनंतर मोटार दुरुस्तीस जाई आणि दुरुस्ती होईपर्यंत घड्याळातली खरी मिनिटे, कधी तास, थांबावे लागे. थांबावयाचे नसेल तर खेळातील सोने खर्च करावयाचे. आणि सोने संपले की खिशातील खरे पैसे.

या व्यवस्थेतील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. खेळ वेगाचा, आणि विक्री मात्र खोळंब्यातून सुटकेची! अर्थशास्त्रात आपण दुर्मीळ वस्तूला किंमत असते असे शिकवितो. येथे दुर्मीळता निसर्गाची नाही, उत्पादनखर्चाचीही नाही. ती विक्रेत्याने मुद्दाम निर्माण केलेली आहे. धान्य दडवून भाव वाढविणाऱ्या साठेबाजाला समाज दोष देतो. येथे साठा कसला, तर खेळणाऱ्याच्या स्वतःच्याच वेळेचा.

दुसरी युक्ती किमतीवर पडदा टाकण्याची. रुपयांचे प्रथम नाण्यांत रूपांतर, नाण्यांचे रत्नांत. एका शर्यतीची किंमत रुपयांत किती, हे पदवीधरालाही चटकन सांगता येऊ नये, अशी ही रचना. तिसरी युक्ती सोडतीची. निन्टेन्डोने २०१९ मध्ये मोबाइलवर आणलेल्या 'मारिओ कार्ट टूर'मध्ये माणके खर्चून नळीतून जे निघेल ते घ्यावयाचे, अशी सोय होती. हवा तो चालक किंवा हवी ती गाडी मिळेलच, याची खात्री नव्हती. टीकेनंतर २०२२ मध्ये कंपनीने ती बंद केली. मिळालेली वस्तू पैशांत बदलता येत नसल्याने अशी सोडत आपल्या नव्या कायद्याच्या कसोटीत सहजी बसत नाही.

आता याचा अर्थ यंत्रमागाच्या घरात काय होतो तो पाहू. समजा, एखादा कामगार पोरगा आठवड्याला केवळ ८० रुपये या खोळंब्यातून सुटण्यासाठी देतो. वर्षाचे ४,१६० रुपये झाले. रक्कम एकदम मागितली असती तर त्याने दहादा विचार केला असता. थोडी थोडी मागितल्यामुळे विचाराचा प्रसंगच आला नाही. वर्षअखेरीस त्याच्या हाती ब्रिक गेमएवढीही वस्तू उरत नाही, कारण कंपनीने खेळ बंद केला की गाड्याही गेल्या. ज्याची मजुरी मीटरवर मोजली जाते, त्याच्या विरंगुळ्याचा हिशेब मात्र कोणीच मांडत नाही.

दोन आक्षेप

यावर पहिला आक्षेप असा की, बहुसंख्य खेळणारे एक पैसाही देत नाहीत. थोड्या देणाऱ्यांच्या बळावर गरिबाला फुकट खेळावयास मिळते, हे एक प्रकारचे समाजकार्यच नव्हे काय? युक्तिवाद आकर्षक आहे. परंतु श्रीमंताने अधिक आणि गरिबाने कमी द्यावे, अशी ही व्यवस्था नाही. ज्याला मोह आवरत नाही त्याने अधिक द्यावे, अशी आहे. मोह न आवरणे हे उत्पन्नावर नव्हे, तर वयावर, थकव्यावर आणि एकटेपणावर अवलंबून असते. शिवाय न देणाराही आपला वेळ जाहिराती पाहण्यात देतच असतो.

दुसरा आक्षेप असा की, प्रत्येक पिढी पुढच्या पिढीच्या करमणुकीला नावे ठेवते. हे खरे आहे, आणि म्हणूनच खेळांवर सरसकट बंदी घाला असे येथे सुचवावयाचे नाही. मालेगावच्या व्हिडिओ पार्लरांनाही सभ्य माणसे नाके मुरडीत. त्याच वातावरणातून नासिर शेख यांच्यासारखा हौशी दिग्दर्शक आणि 'मालेगाव के शोले' निर्माण झाला, आणि त्या धडपडीवर २०२५ मध्ये हिंदी चित्रपट पडद्यावर आला. गरिबाची करमणूक म्हणजे उधळपट्टी, हे समीकरण चुकीचे आहे. आक्षेप खेळावर नाही, वेगावरही नाही. तो किंमत लपविण्यावर आहे.

शर्यतींचे वेड तर महाराष्ट्राला जुनेच. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी दिली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. एवढ्या वादातून निष्पन्न काय झाले? शर्यत राहिली, परंतु धावणाऱ्या मुक्या जिवासाठी नियम आले. मोबाइलवरील शर्यतीत धावविला जातो तो खेळणारा मुलगाच. त्याच्यासाठी नियम असू नयेत काय?

काय करता येईल?

अन्य देशांनी निरनिराळे मार्ग चोखाळले. जपानने २०१२ मध्ये सोडतीचा एक विशिष्ट प्रकार बेकायदा ठरविला. बेल्जियमच्या नियामकाने २०१८ मध्ये काही खेळांतील सशुल्क सोडतपेट्यांना जुगार मानले. चीनने २०२१ मध्ये अल्पवयीनांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढाच वेळ ऑनलाइन खेळण्यास मुभा दिली. चीनचा मार्ग आपल्या लोकशाहीत मानवणारा नाही, आणि त्याची गरजही नाही. आपल्याच कायद्यांत पुरेसा आधार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या १३ ऑनलाइन युक्त्या निषिद्ध ठरविल्या असून खोटी घाई निर्माण करणे ही त्यांतील एक आहे. मुलांवर पाळत ठेवून त्यांना नेमक्या जाहिराती दाखविण्यास २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने मनाई केली असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. प्रश्न उरतो तो अंमलबजावणीचा.

तीन साध्या गोष्टी तातडीने व्हाव्यात. खेळातील प्रत्येक वस्तूची किंमत नाण्यांबरोबरच रुपयांतही दाखविणे सक्तीचे असावे. आजवर या खेळावर एकूण किती रुपये खर्च झाले, हा आकडा पैसे देण्यापूर्वी प्रत्येक वेळी पडद्यावर यावा. आणि १८ वर्षांखालील मुलांना खोळंब्यातून सुटका विकण्यास मनाई असावी. यांपैकी एकाही उपायाने खेळाचा आनंद तिळमात्र कमी होणार नाही. किंमत उघड होईल, इतकेच.

शिक्षकांनाही येथे करण्याजोगे काम आहे. चक्रवाढ व्याजाचे गणित फळ्यावर जितक्या तन्मयतेने शिकविले जाते, तितक्याच तन्मयतेने ८० रुपयांचे वर्षाचे गणित वर्गात मांडावयास कोणत्या शासननिर्णयाची वाट पाहावयाची? विद्यार्थ्यांनाच आपापल्या खेळातील नाण्यांचा रुपयातील भाव काढावयास सांगावे. जो विद्यार्थी हा भाव स्वतः काढील, तो पुढचे सोने विकत घेण्यापूर्वी क्षणभर तरी थांबेल; आणि त्या थांबण्याचे पैसे त्याला कोणाला द्यावे लागणार नाहीत.