जागे ठेवणारा ग्राही

रात्रीचे अडीच वाजले आहेत. सारे घर निजले आहे आणि आपण मात्र घड्याळाची टिकटिक ऐकत पडून आहात. किंवा आपण शुश्रूषा करणारे असाल, तर वृद्ध आई पुन्हा उठून दाराकडे निघाली की काय, याची चाहूल घेत असाल. सकाळी शेजारीण आपुलकीने गोळ्यांची एक पट्टी पुढे करते, ''आमच्या ह्यांना हिने छान झोप लागते.'' त्या पट्टीकडे हात जाण्यापूर्वी मेंदूतील एका लहानशा व्यवस्थेची ओळख करून घ्यावी.

मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या बदामाएवढ्या भागात, हजारो चेतापेशी ओरेक्सिन नावाचे न्यूरोपेप्टाइड तयार करतात. १९९८ मध्ये दोन संशोधकगटांनी ते स्वतंत्रपणे शोधले. त्याचा संबंध भुकेशी असावा, या समजुतीने एका गटाने ग्रीक भाषेतील 'भूक' या अर्थाच्या शब्दावरून त्याचे नाव ठेवले. मुख्य काम निराळेच निघाले. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच! ओरेक्सिन दुसऱ्या पेशींवरील ग्राहींना, म्हणजे कुलपात किल्ली बसावी तसे नेमक्या जागी, जाऊन बसते आणि आपली जागृती टिकून राहते. हे ग्राही दोन प्रकारचे आहेत.

त्यांचे महत्त्व कळले ते कुत्र्यांमुळे. स्टॅनफर्ड विद्यापीठात डोबरमन जातीची काही कुत्री होती. आवडते खाणे समोर येताच ती आनंदाच्या भरात अंग गळून खाली कोसळत. यातील दुसऱ्या ग्राहीचे जनुक सदोष असल्याचे एमॅन्युएल मिन्यो यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखवले. माणसांतील नार्कोलेप्सी या विकारात ग्राही बहुधा शाबूत असतात, पण ओरेक्सिन तयार करणाऱ्या पेशीच नाहीशा झालेल्या असतात. असा रुग्ण भर दिवसा झोपेच्या आहारी जातो. खळखळून हसताना त्याचे गुडघे लुळे पडतात, शुद्ध मात्र हरपत नाही. अशा माणसाला आळशी म्हणणे हा निव्वळ अन्याय आहे.

मग हेच ग्राही रात्रीपुरते अडवले तर? या विचारातून सुव्होरेक्सन्ट हे औषध निघाले. अमेरिकेत त्याला २०१४ मध्ये मान्यता मिळाली. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या जुन्या गोळ्या मेंदूचा कारभार सर्वत्रच मंदावतात. म्हणून वृद्धांत तोल जाणे, पडून हाड मोडणे, विस्मरण वाढणे हे धोके त्यांच्यामागे लागलेले असतात. नवे औषध केवळ जागे राहण्याची हाक अडवते.

तरीही हुरळून जाऊ नये. अल्झायमरच्या रुग्णांवरील एका चाचणीत चार आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्यांची झोप सरासरी ७३ मिनिटांनी वाढली. नुसती औषधविरहित गोळी घेणाऱ्यांचीही ४५ मिनिटांनी वाढली. फरक अर्ध्या तासाच्या आतलाच. शुश्रूषा करणाऱ्याला तेवढाही लाख मोलाचा वाटेल, हे मी नाकारत नाही. परंतु दुसऱ्या दिवशीची गुंगी ह्या औषधानेही येऊ शकते, आणि नार्कोलेप्सीच्या रुग्णाला तर ते देऊच नये.

जुनी गोळी अनेक वर्षे चालू असेल, तर हे वाचून ती आज रात्री एकाएकी बंद करू नका. तसे केल्यास अस्वस्थता वाढते, क्वचित झटकेही येतात. मात्रा हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवावी लागते. पुढच्या भेटीला जाताना घरातील सगळ्या पट्ट्या, शेजारणीने दिलेलीसुद्धा, एका पिशवीत घालून न्या. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी दिली जाते का, गुडघेदुखीने जाग येते का, दुपारची झोप दोन तासांवर गेली आहे का, सायंकाळचा चहा किती वाजता होतो, हेही कागदावर टिपून ठेवा. डॉक्टरांनी औषधाचा विचार करण्यापूर्वी तो कागद त्यांच्यापुढे ठेवावा.