आठवीच्या मुलांना परीक्षेत एकटे सोडू नका

आठवीपर्यंत कुणाला नापास करत नाहीत, या समजुतीत आपले बरेच पालक अजूनही आहेत. ही समजूत आता सोडली पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 मध्ये 2019 साली दुरुस्ती झाली आणि 2023 मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यानुसार आपले नियम बदलले. पाचवी आणि आठवीच्या अखेरीस रीतसर परीक्षा, त्यात नापास झाला तर पुनर्परीक्षा, तीही हुकली तर मूल त्याच वर्गात. शाळेतून मात्र काढता येत नाही, एवढेच संरक्षण उरले आहे.

प्रश्न एक वर्ष वाया जाण्याचा नाही. आठवीतला मुलगा तेरा-चौदा वर्षांचा असतो. चौदा पूर्ण झाली की शिक्षण हक्क कायद्याच्या व्याख्येत तो 'बालक' राहत नाही. आणि बालकामगार कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीनंतर धोकादायक कामे वगळता त्याला कामाला ठेवायला कायद्याची आडकाठीही राहत नाही. दोन्ही कायदे नेमके याच वयात त्याचा हात सोडतात. मग नापासाचा शिक्का बसलेला मुलगा शाळेकडे वळेल की दुकानमालकाकडे? मुलगी असेल तर घरात स्थळांची बोलणी सुरू होतात. मराठवाड्यातून ऊसतोडीला गेलेली कुटुंबे तर मार्च-एप्रिलमध्ये परततात. तोवर परीक्षा दारात उभी असते.

आपली मुले अडतात कुठे? वाचण्यात आणि लिहिण्यात. गणिताचे शाब्दिक उदाहरणसुद्धा आधी वाचून समजावे लागते. यावर उपाय म्हणून गाइड विकत आणले जाते. मूल त्यातली उत्तरे पाठ करते, आणि परीक्षेत न पाहिलेला उतारा आला की गडबडते. बातमी लिही, पत्र लिही, तुझे मत लिही, असे विचारले की कागद कोरा! स्वतःचे मत कुणी कधी विचारलेलेच नसते, तर ते लिहिणार कसे?

विहारातील अभ्यासिकेत, समाजमंदिरात, तेही नसेल तर कुणाच्या ओट्यावर शिकलेल्या तरुणांनी रोज एक तास दिला तरी पुष्कळ होईल. मुलांना वर्तमानपत्रातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला लावा. मग पान मिटून, काय वाचले ते त्यांच्या बोलीत सांगू द्या. 'व्हता', 'गेल्तो' असे बोलले म्हणून हसू नका. घरची बोली म्हणजे अडाणीपणा नव्हे, पण पेपर प्रमाण भाषेत तपासला जातो हेही खरे. म्हणून आधी त्याच्या भाषेत लिहू द्या, नंतर तेच वाक्य पेपरच्या भाषेत लिहून घ्या. एका दिवशी एकाच प्रकारची चूक दुरुस्त करा. लाल शाईने भरलेली वही पाहून मूल दुसऱ्या दिवशी येत नाही.

आणि प्रश्न वाचायला शिकवा. 'कारणे लिहा', 'स्पष्ट करा', 'तुमच्या शब्दांत लिहा' या तीन वेगवेगळ्या मागण्या आहेत. आम्ही वकील नोटिशीला उत्तर देण्यापूर्वी नेमके काय विचारले आहे तेच पाहतो. आठवीच्या मुलालाही तेच करायचे आहे.

पण वस्तीने हे केले म्हणून शाळा मोकळी होत नाही. कलम 24 प्रमाणे प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासणे आणि गरज असेल तिथे जादा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. ते उपकार नव्हेत. कलम 28 नुसार त्याला खासगी शिकवणीही करता येत नाही. 2023-24 पासून शासन मराठी, गणित, इंग्रजीच्या पायाभूत चाचण्या घेऊ लागले. कोणते मूल कुठे अडते हे अशा चाचणीतून शिक्षकाला वर्षाच्या सुरुवातीलाच दिसते. मग पालकांना एप्रिलनंतरच का कळावे?

नापास मुलांना पुनर्परीक्षेपूर्वी जादा मार्गदर्शन देण्याची तरतूद आहे, पण तो काळ उन्हाळ्याच्या सुट्टीचा. म्हणून मागणी आत्ताच करावी लागेल. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. पुढच्या बैठकीला जा. चाचणीतले आपल्या मुलाचे गुण मागा, जादा तासांचे वेळापत्रक मागा, दोन्ही मागण्या इतिवृत्तात नोंदवून घ्या. मुख्याध्यापकांकडे अर्ज लेखीच द्या, दोन प्रतींत, आणि एका प्रतीवर तारखेसह पोच घेऊनच घरी या.