कुमुद, नीलोत्पल आणि कविसंकेत

संस्कृत काव्यातील कविसंकेतांकडे आपली समीक्षा बहुधा एकाच नजरेने पाहते. चकोराचे चांदणे पिणे काय किंवा कुमुदाचे रात्री फुलणे काय, दोन्ही कल्पनेचेच खेळ! हा सरसकट निवाडा मला मान्य नाही. दोन पाणवनस्पती शेजारी ठेवून पाहिल्या, तर तो टिकत नाही.

कुमुद म्हणजे निम्फिया प्युबेसेन्स आणि नीलोत्पल म्हणजे निम्फिया नौचाली, असे सामान्यतः मानले जाते. एकाच प्रजातीतील या दोन जाती. कमळाशी त्यांचे जवळचे नाते नाही. दोन्हींची पाने पाण्यावर तरंगतात. कुमुदाच्या पानाची कड दातेरी आणि खालची बाजू लवदार. नीलोत्पलाचे पान खालून गुळगुळीत. अमरकोश भेद रंगावर करतो : निळे ते इंदीवर, पांढरे ते कुमुद. पण रंग फसवा आहे, कारण निम्फिया नौचालीची फुले पांढरीही असतात. खरा भेद वेळेचा. कुमुद संध्याकाळनंतर उमलून दुसऱ्या दिवशी सकाळी मिटते. नीलोत्पल दिवसा उमलते.

म्हणजे कुमुदाबाबत कवींनी पाहिले तेच लिहिले. चंद्राला दिलेले श्रेय तेवढे त्यांच्या पदरचे. अमावास्येलाही ते फुलतेच. नीलोत्पलाचे प्रकरण अधिक उद्बोधक आहे. इ. स. 900च्या सुमारास राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कविसंकेतांची वर्गवारी केली. चकोराचे चांदणे पिणे त्याने ‘नसूनही वर्णिलेल्या’ गोष्टींत घातले. नीलोत्पलाचे दिवसा उमलणे मात्र ‘असूनही न वर्णिलेल्या’ गोष्टींत. शास्त्रकाराला वस्तुस्थिती ठाऊक होती आणि कवी ती जाणून बाजूला ठेवतात, हेही ठाऊक होते. अज्ञान वेगळे आणि जाणीवपूर्वक पाळलेले मौन वेगळे. कुमुदाचा संकेत निरीक्षणातून आला, नीलोत्पलाचा निरीक्षण डावलून. दोन्हींना एकाच मापाने मोजणारी समीक्षा काव्यही नीट वाचत नाही आणि तळेही.

आज मराठीत कुमुद उरले आहे ते मुख्यतः व्यक्तिनामात. अनुवादात कुमुद, उत्पल, कुवलय या सगळ्यांचे सर्रास ‘कमळ’ होते. ज्या भाषेत एका निवडुंगाला ब्रह्मकमळ आणि एका वेलीला कृष्णकमळ म्हणतात, तिथे याचे नवल वाटू नये. पण त्या एका शब्दाने फुलाची वेळ पुसली जाते, आणि वेळ पुसली की कवीने काय पाहिले व काय मुद्दाम टाळले, हे कळण्याची वाटच बंद होते. अनुवादकांनी निदान ही दोन नावे तरी वेगळी राखावीत.