'अवांतर' तपशील

काही वर्षांपूर्वी पदवीच्या उत्तरपत्रिका तपासताना एका उत्तरासमोर मी लाल शाईने 'अवांतर' असा शेरा मारला होता. प्रश्न नेहमीचाच होता. पु. ल. देशपांडे यांनी 'एका कोळियाने' या नावाने मराठीत आणलेल्या हेमिंग्वेच्या कादंबरीतील म्हाताऱ्याच्या संघर्षाचे प्रतीकात्मक स्वरूप स्पष्ट करायचे होते. उत्तर लिहिणारा मुलगा रायगडच्या किनाऱ्यावरील मच्छीमार घरातला. त्याने प्रतीकाची बोळवण चार ओळींत केली होती आणि पुढचे दीड पान सांतियागोच्या दोऱ्यांवर खर्ची घातले होते. चाळीस, पंचाहत्तर, शंभर आणि सव्वाशे वाव अशा चार वेगवेगळ्या खोलींवर म्हातारा आमिषे का सोडतो. प्रवाहात दोरा तिरका झाला की शंभर वाव सोडलेले आमिष प्रत्यक्षात साठ वावांवरच कसे तरंगत राहते. आणि म्हणून वल्हे मारत दोरे सरळ उभे ठेवणारा कोळी इतरांपेक्षा वेगळा कसा ठरतो, हे त्याने लिहिले होते. मी त्याला दहापैकी चार गुण दिले.

हे सारे कादंबरीत आहे. त्या मुलाने पदरचे काही घातले नव्हते. म्हाताऱ्याच्या स्वभावाचा सगळा पाया त्या उभ्या दोऱ्यांत आहे. नशीब फिरले तर फिरले, पण ते येईल तेव्हा आपले आमिष नेमके ठरल्या जागी असले पाहिजे, हा त्याचा आग्रह आहे. मी मात्र तो परिच्छेद दरवर्षी 'येथे लेखकाने मासेमारीचे बारकाईने वर्णन केले आहे' एवढ्या वाक्यात ओलांडून सुळसुळीत 'मानवी जिद्दी'कडे जात असे. माझ्या लेखी वाव हे केवळ एक जुने माप होते. त्या मुलाच्या घरी ते पसरलेल्या दोन हातांनी रोज मोजले जाते.

ही चूक लक्षात यायला मला एका भलत्याच पुस्तकाची मदत झाली. माँटी बर्क या अमेरिकन पत्रकाराचे 'सोबेली' हे २००५ सालचे पुस्तक. विषय एकच: लार्जमाउथ बास या गोड्या पाण्यातील माशाचा जागतिक विक्रम मोडण्यासाठी झपाटलेली माणसे. बास हा अमेरिकेतील तळ्यांचा, धरणांचा, संथ नद्यांचा मासा. जबडा एवढा मोठा की मिटल्यावर त्याचे टोक डोळ्याच्याही मागे जाते. साधारण सापडणारा बास किलो-दीड किलोचा. दहा पौंडांचा, म्हणजे साडेचार किलोंचा बास मिळाला तर माणूस आयुष्यभर त्याची गोष्ट सांगतो. आणि विक्रम आहे बावीस पौंडांच्या वरचा.

या पुस्तकामागोमाग मी बासच्या मासेमारीची मार्गदर्शक पुस्तके वाचू लागलो. गळ कधी हातात न धरलेल्या माणसाने असली पुस्तके वाचावीत हे हास्यास्पद आहे, हे मान्य. पण साहित्याच्या शिक्षकाला त्यात करमू शकते, कारण त्यातले प्रत्येक पान निवडीविषयी असते. रॉड कोणता, दोरा कोणता, आमिष कोणते, आणि मुख्य म्हणजे का. एकाच गळाचे नकली आमिष, ज्याला जिग म्हणतात, वापरायचे असेल तर रॉड ताठ हवा, कारण जाड गळ माशाच्या कठीण जबड्यात एका हिसक्यात रुतवायचा असतो. तेच आमिष तिहेरी बारीक गळांचे असेल तर रॉड लवचीक हवा. ताठ रॉडने हिसका दिला तर ते गळ मासा फाडून बाहेर येतात. नायलॉनचा दोरा ताणला जातो, धक्का सोसतो. विणलेला दोरा अजिबात ताणत नाही, त्यामुळे दाट पाणवनस्पतींतून मासा ओढून काढायला तो चांगला. पण स्वच्छ पाण्यात तो माशाला दिसतो. फ्लुरोकार्बनचा दोरा पाण्यात बुडतो आणि जवळजवळ दिसेनासा होतो. म्हणजे येथे एकही वस्तू स्वतःपुरती चांगली किंवा वाईट नाही. शब्दाच्या बाबतीत आपण वर्गात हेच सांगतो, पण इतक्या सोप्या रीतीने सांगू शकत नाही.

मोठ्या बासची गोष्ट याहून वेगळी आहे, आणि मला सर्वांत जास्त विचार करायला लावणारा भाग तोच आहे. पुष्कळ मासे पकडण्याचे तंत्र आणि मोठा मासा पकडण्याचे तंत्र ही एकाच वाटेवरची पुढची-मागची ठिकाणे नाहीत. लहान आमिषाला दिवसभरात वीस मासे लागतील. मोठ्या माशासाठी वीतभर लांबीचे किंवा त्याहूनही मोठे आमिष, आठ फुटी जड रॉड आणि वीस-पंचवीस पौंडी दोरा घेऊन बसणारा माणूस ते वीस मासे आधीच सोडून देतो. तो दिवसेंदिवस काहीही न मिळता परततो. हत्यारे निवडतानाच त्याने रिकाम्या हातांची तयारी केलेली असते.

ही मोठी आमिषे आली कुठून, याची हकिगत मोठी रंजक आहे. कॅलिफोर्नियातील सॅन दिएगोच्या जलाशयांत १९५९ साली फ्लोरिडातील बास आणून सोडले गेले. ही जात मुळातच मोठी वाढते. पुढे हौशी मासेमारांसाठी याच जलाशयांत हिवाळ्यात रेनबो ट्राउट सोडले जाऊ लागले. पाळीव तळ्यात वाढलेले हे ट्राउट भाबडे असत. बासने ते खाल्ले आणि तो अवाढव्य झाला. मग कोणाच्या तरी ध्यानात आले की ज्याच्या ताटात रोज ट्राउट वाढला जातो तो गांडुळाएवढ्या आमिषाकडे कशाला वळेल? त्यातून ट्राउटच्या आकाराची, रंगाची, सांध्यांतून वळवळणारी लाकडी आणि रबरी आमिषे घडवली गेली. माशाच्या पोटात काय आहे हे वाचून त्याच्यासमोर काय ठेवायचे हे ठरवले गेले. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियाच्याच कास्टेक जलाशयात बॉब क्रूपी यांना बावीस पौंडांचा बास मिळाला. विक्रम अवघ्या काही औंसांनी दूर राहिला.

मूळ विक्रमाची कथा मात्र या सगळ्या सरंजामाची टर उडवणारी आहे. २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यातील माँटगोमेरी लेक नावाच्या पाणथळ जागी जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्याने बावीस पौंड चार औंसांचा बास पकडला. महामंदीचे दिवस होते. तो आणि त्याचा मित्र मिळून त्यांच्याकडे एक रॉड आणि एक नकली आमिष होते. एकाने गळ टाकायचा, दुसऱ्याने होडी वल्हवायची. मासा तोलला, मापला, 'फील्ड अँड स्ट्रीम' मासिकाच्या स्पर्धेसाठी नोंदवला आणि मग घरी नेऊन खाल्ला. पंचाहत्तर डॉलरचे सामान बक्षीस मिळाले. सत्त्याहत्तर वर्षे या आकड्याला कोणी हात लावू शकले नाही. त्यामुळे साहजिकच पेरीवर संशय घेणाऱ्यांची एक परंपराही निर्माण झाली. संहिता खाऊन टाकलेली आहे आणि तिच्याविषयी फक्त नोंद उरली आहे; पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना हा पेच परका वाटू नये.

आता डॉटीची गोष्ट. कॅलिफोर्नियातल्या एस्कॉनडिडो गावाजवळ डिक्सन लेक नावाचा लहानसा जलाशय आहे. तेथील एका मादी बासच्या कल्ल्याजवळ काळा ठिपका होता; त्यावरून तिला हे नाव पडले. २००३ मध्ये जेड डिकरसनने तिला पकडले तेव्हा ती एकवीस पौंड अकरा औंसांची होती. त्याने तिला परत पाण्यात सोडले. २० मार्च २००६ रोजी त्याच्या मित्राच्या, मॅक वीकलीच्या, पांढऱ्या जिगला ती पुन्हा लागली. विणीचा हंगाम होता. या काळात मादी उथळ पाण्यात येते, अंड्यांनी जड झालेली असते, आणि आमिषावर भुकेने नव्हे तर घरट्याजवळ आलेल्या उपऱ्याला हुसकावण्यासाठी झेपावते. हातातल्या काट्यावर वजन भरले पंचवीस पौंड एक औंस. पेरीचा विक्रम जवळजवळ तीन पौंडांनी मोडला होता. फक्त गळ तोंडात नव्हता, पाठीच्या पराखाली अंगात रुतला होता. माशाने आमिष घेतलेच नव्हते. वीकलीने फोटो काढले, मासा सोडून दिला आणि विक्रमासाठी अर्ज केला नाही. २००८ च्या मे महिन्यात डॉटी मेलेली आढळली. ठिपक्यावरून ओळख पटली.

वीकलीच्या निर्णयावर पुष्कळ लिहिले गेले. काहींना तो थोर वाटला, काहींच्या मते नियमापुढे त्याला दुसरा मार्गच नव्हता. मला त्यात वेगळेच काही दिसते. गळ कुठे लागला या एका तपशिलावर जगातला सर्वांत मोठा बास असण्याचे किंवा नसण्याचे ठरते. मासा तोच, वजन तेच. आपल्या समीक्षेच्या भाषेत बोलायचे तर आशय हाती लागला होता, पण रीत चुकली होती. आणि त्या माणसांनी रीतीला इतके महत्त्व दिले की आशय पाण्यात सोडून दिला. मराठीत 'तंत्र' हा शब्द फडक्यांवरील वादांपासून असा काही बदनाम झाला आहे की 'तंत्रशरण' ही शिवीच होऊन बसली. 'प्रतिभासाधन' १९३१ चे. तेव्हापासून आपण तंत्र म्हणजे वरून लावलेली कल्हई असे धरून चाललो आहोत. कल्हई नसलेल्या भांड्यात आंबट पदार्थ काय करतो, हे स्वयंपाकघरात वावरणारे माणूस सांगेल.

विक्रमाची शेवटची कडी जपानची. २ जुलै २००९ रोजी बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांना दहा किलोंच्या किंचित वर भरणारा बास मिळाला. पेरीपेक्षा तो औंसभराने भारी होता. पण या वजनगटात जुना विक्रम मोडायला किमान दोन औंसांची वाढ लागते, म्हणून २०१० मध्ये दोघांना बरोबरीचे स्थान दिले गेले. आमिष होते जिवंत ब्लूगिल मासा. आता गंमत पाहा. बास जपानचा नाही. १९२५ मध्ये तो अमेरिकेतून आशी सरोवरात आणला गेला. ब्लूगिलही जपानचा नाही. १९६० मध्ये शिकागोच्या महापौरांनी तो तेव्हाच्या युवराज अकिहितोंना भेट दिला होता, आणि २००७ मध्ये सम्राट असताना अकिहितोंनी या गोष्टीबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. ज्या सरोवराकाठच्या इशियामा मंदिरात मुरासाकी शिकिबूने 'गेंजी'ची कथा लिहायला घेतली अशी आख्यायिका आहे, तेथे एका परक्या माशाला दुसऱ्या परक्या माशाचे आमिष दाखवून विक्रम झाला. शिगा प्रांतात तर पकडलेला बास पुन्हा सरोवरात सोडायलाही २००३ पासून बंदी आहे. कॅलिफोर्नियात जे पुण्य, ते बिवाकाठी पाप.

वर्गातल्या सहकाऱ्यांचा आक्षेप मला ठाऊक आहे. साहित्याच्या तासाला रॉड आणि दोऱ्याची चर्चा सुरू झाली तर ती कार्यशाळा होईल, वाङ्मय बाजूला पडेल. याला माझ्याजवळ हेमिंग्वेचेच उत्तर आहे. त्याच्या 'बिग टू-हार्टेड रिव्हर' या १९२५ च्या कथेत युद्धातून परतलेला निक एकटाच नदीवर जातो, तंबू ठोकतो, नाकतोडे गोळा करतो, ट्राउट धरतो. युद्धाचा उल्लेख कथेत एकदाही येत नाही. निकच्या मनाची पडझड कळते ती तो गळाला नाकतोडा कसा लावतो आणि पुढच्या दलदलीत गळ टाकायचे आज का टाळतो यावरून. या कथेतला 'अवांतर' तपशील काढून टाकला तर हाती कोरे पान येईल.

आणि हा तपशील आपल्याला परका तरी कुठे आहे? मराठीच्या उगमाचा इतिहास शिकवताना आपण चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास'चे नाव घेतो, त्यातल्या चार मराठी ओळींसाठी. बाराव्या शतकातल्या त्याच ग्रंथात मत्स्यविनोद हे प्रकरण आहे. माशांच्या जाती, कोणाला कोणते खाद्य, काठी, दोरी, गळ, असा सगळा विचार त्यात आहे. आयझॅक वॉल्टनच्या १६५३ च्या प्रसिद्ध इंग्रजी पुस्तकाच्या पाचशे वर्षे आधी. ओळी तेवढ्या आपण उचलल्या, गळ तिथेच ठेवला.

तो मुलगा मला पुन्हा भेटला नाही. उत्तरपत्रिका केव्हाच रद्दीत गेली असेल. कादंबरी शिकवताना आता मी दोऱ्यांच्या परिच्छेदाशी थांबतो आणि वाव म्हणजे किती, असे विचारतो. बहुधा मागच्या बाकांवरून कोणीतरी उठते आणि दोन्ही हात पसरून दाखवते.